बॅटरी बदलणारा आहे, बॅटरी कुठे आहे?

नवा मोबाईल घेताना त्याची बॅटरी किती एमएएचची आहे, हे आपण आवर्जून विचारतो. तीच बॅटरी तीन वर्षांनी कोठे मिळेल, केवढ्याला मिळेल आणि बसवून कोण देईल, हे दुकानात उभे राहून विचारणारा गिऱ्हाईक मात्र मी अद्याप पाहिलेला नाही. वास्तविक मोबाईलमधला हमखास झिजणारा भाग हा एकच आहे. पडदा फुटेल किंवा फुटणार नाही, चार्जिंगचा पोर्ट सैल होईल किंवा होणार नाही, कॅमेरा तर बहुधा फोनच्या शेवटापर्यंत साथ देतो. बॅटरी मात्र फोन कितीही जपला तरी उतरणीला लागतेच, आणि ती कधी लागेल याचा अंदाज कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच कंपनीला असतो.

लिथियम-आयन बॅटरी चार्ज करताना लिथियमचे आयन एका बाजूच्या थरातून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्राफाइटमध्ये जाऊन बसतात आणि फोन वापरताना परत फिरतात. या ये-जा करण्यात ग्राफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर साचत जातो, थोडे थोडे लिथियम त्यात कायमचे अडकून पडते आणि बॅटरीच्या आत प्रवाहाला होणारा विरोधही वाढत जातो. जुना फोन पंचवीस टक्के दाखवत असतानाच कॅमेरा उघडल्याबरोबर बंद पडतो, त्याचे कारण हेच आहे: आत चार्ज शिल्लक असतो, परंतु एकदम मागितलेला प्रवाह पुरवताना व्होल्टेज कोसळते. ॲपलने आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनसाठी ५०० पूर्ण चक्रांनंतर (एक चक्र म्हणजे शंभर टक्के चार्ज एकदा वापरून होणे) मूळ क्षमतेच्या ८० टक्के हा हिशोब दिला होता, तो आयफोन १५ पासून १,००० चक्रांवर नेला. दिवसाला एक चक्र धरले तर पहिला आकडा दीड वर्षाच्या आत आणि दुसरा तीन वर्षांच्या आत गाठला जातो. प्रत्यक्षात बहुतेकांचे रोज पूर्ण चक्र होत नाही, त्यामुळे बॅटरी थोडी जास्त टिकते. पण उष्णता आणि काठोकाठ चार्ज करून ठेवण्याची सवय या दोन गोष्टी ती कसर भरून काढतात. एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या हँडलला फोन अडकवून, नकाशा चालू ठेवून, वर चार्जरही जोडून गावभर फिरणारी पार्सलवाली मुले पाहिली की त्या फोनच्या बॅटरीचे आयुष्य वर्षांत मोजावे की महिन्यांत, असा प्रश्न मला पडतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे कदाचित मलाच तो पडत असेल.

एके काळी यावर उपाय सोपा होता. नोकियाच्या बीएल-५सी या बॅटरीची आठवण चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला असेल. मागचे झाकण अंगठ्याने सरकवायचे, बॅटरी नखाने उचलायची, नवी टाकायची. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियाने जाहीर केले की डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्ज होताना जास्त तापण्याची शक्यता आहे. एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा दोष, पण लोकांना करायचे काय होते? बॅटरी बाहेर काढायची, तिच्यावरचा क्रमांक तपासायचा आणि ती त्या तुकडीतली निघाली तर बदलून घ्यायची. फोन तोच राहणार होता. याउलट २०१६ साली सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या तेव्हा बॅटरी फोनच्या पोटात बंद असल्यामुळे अख्खे फोन परत मागवावे लागले. बदलून दिलेल्या फोननाही तोच आजार निघाला आणि शेवटी त्या मॉडेलचे उत्पादनच थांबवावे लागले.

बॅटरी आत का बंद झाली, याचे कंपन्यांनी दिलेले उत्तर अगदीच पोकळ नाही. हाताळता येणाऱ्या बॅटरीला स्वतःचे कडक कवच लागते, नाहीतर खिशात, पिशवीत ती वाकेल, टोचली जाईल आणि पेटेल. फोनच्या आत चिकटवलेल्या बॅटरीला नुसती मऊ चंदेरी पिशवी पुरते, कारण फोनची चौकटच तिचे कवच असते. कवचाची आणि झाकणाच्या खटक्यांची जागा वाचते, त्या जागेत जास्त क्षमता बसते आणि फोन पातळही होतो. पाणी व धूळ आत जाऊ न देणारी गोंदाची सलग किनार लावणेही सोपे जाते. मात्र हे दुसऱ्या मार्गाने जमतच नाही, असे म्हणणे खरे नाही. २०१४ सालच्या सॅमसंग गॅलेक्सी एस ५ ची पाठ नखाने उघडत होती, बॅटरी निघत होती आणि तरीही त्याला आयपी ६७ हे जलरोधाचे मानांकन होते. पुढच्याच वर्षीच्या एस ६ मध्ये बॅटरी बंद झाली. त्याच कंपनीचा गॅलेक्सी एक्सकव्हर ७ हा २०२४ मध्ये भारतातही विक्रीला आलेला फोन आयपी ६८ मानांकनाचा आहे आणि त्याची बॅटरी हाताने काढता येते. तो जाड आहे, कॅमेरा साधा आहे, तो कारखान्यातल्या आणि साइटवरच्या लोकांसाठी बनवलेला आहे, हे सर्व मान्य. पण अशक्य म्हणून सांगितलेली गोष्ट तीच कंपनी करून विकते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

दुसरे कारण कंपन्या उघडपणे सांगत नाहीत, पण एकदा ते त्यांच्याच कागदावर उमटले. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केले की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जातो, जेणेकरून फोन अचानक बंद पडू नये. तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य होते, कारण वर सांगितलेले व्होल्टेजचे कोसळणे टाळायचे तर प्रवाहाची मागणी कमी करावी लागते; परंतु फोन मंदावण्याचे कारण बॅटरी आहे हे गिऱ्हाइकाला न सांगितल्यामुळे तो नवा फोन घ्यायला निघतो, हा संताप लोकांच्या मनात होता. मग २०१८ या वर्षापुरती ॲपलने बॅटरी बदलण्याची किंमत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणली. जानेवारी २०१९ मध्ये ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात आयफोनची विक्री अपेक्षेपेक्षा कमी का झाली याची जी कारणे दिली, त्यांत स्वस्तात बॅटरी बदलून घेणाऱ्या ग्राहकांचाही उल्लेख होता. बॅटरी परवडणाऱ्या दरात मिळाली तर लोक नवा फोन लांबणीवर टाकतात, याची याहून स्पष्ट कबुली मला कोठे आढळलेली नाही.

आता माझ्या फोनविषयी. तो कोणत्या कंपनीचा हे सांगण्याचे कारण नाही. मध्यम किमतीचा, चार वर्षे वापरलेला, पडदा शाबूत, कामाला पुरेसा. गेल्या पावसाळ्यात त्याची पाठ एका कडेने किंचित उचलल्यासारखी दिसू लागली. टेबलावर पालथा ठेवला तर तो हलकासा डुलत असे. बॅटरी फुगली होती. आतल्या द्रवाचे विघटन होऊन वायू तयार झाला की ती चंदेरी पिशवी फुगते. अशा वेळी फोन चार्ज करणे थांबवावे आणि तो दाबून बसवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. मी रीतसर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तेथे अतिशय सौजन्याने सांगण्यात आले की या मॉडेलची बॅटरी शिल्लक नाही, मागवल्यास केव्हा येईल ते सांगता येणार नाही, फोन ठेवून जावा लागेल आणि आतली माहिती पुसली जाण्याची तयारी ठेवावी लागेल. सोबत जुना फोन देऊन नवा घेण्याच्या योजनेचे रंगीत पत्रकही मिळाले.

तेथून मी कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या एका गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांचे फोन हाच मुलगा दुरुस्त करतो. दुकान म्हणजे एक शटर, काचेचा काउंटर आणि त्यामागे निळी सिलिकॉनची मॅट अंथरलेले टेबल. त्यावर सूक्ष्मदर्शक, ब्लोअर, अँपिअर दाखवणारा डीसी पॉवर सप्लाय आणि गोंदाची ट्यूब. काम बघत बसण्याची परवानगी मागितली, ती त्याने आनंदाने दिली.

फोन आधी बंद केला. मग त्याची पाठ तापवण्याच्या प्लेटवर ठेवली, पण नेहमीपेक्षा कमी तापमानावर आणि थोडाच वेळ, कारण फुगलेल्या बॅटरीला जास्त ऊब देणे धोक्याचे असते. काच धरणारा रबरी कप लावून कडेला केसाएवढी फट पाडली आणि त्या फटीत प्लास्टिकचे पातळ पाते घालून ते चारी बाजूंनी सावकाश फिरवले. एका कोपऱ्यात आत पॉवर बटणाची नाजूक पट्टी होती, तेथे पात्याचे टोक दोन मिलिमीटरपेक्षा आत जाणार नाही याची काळजी त्याने बोटाने खूण धरून घेतली. पाठ निघाल्यावर वरची पत्र्याची पट्टी, तिचे बारीक स्क्रू, आणि सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर. हा क्रम चुकला आणि बॅटरी जोडलेली असताना स्क्रूड्रायव्हर कोठे टेकला तर मदरबोर्डवरची आयसी, म्हणजे चिप, जाते. इथवर दहा-बारा मिनिटे. खरे काम पुढे होते. बॅटरी खालच्या पत्र्याला दुहेरी चिकटपट्टीने घट्ट बसवलेली होती. तिला ओढून काढायची जीभ होती, पण अर्ध्यात ओढल्यावर ती तुटली.

"बघा सर, हितंच सगळं अडतंय. पट्टी मधनं तुटली की मग निवांत बसायचं, जोर लावायचा न्हाई."

त्याने सिरिंजमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब बॅटरीच्या कडेने सोडले, फोन तिरका धरून ते खाली झिरपू दिले आणि मग प्लास्टिकचेच रुंद पाते हळूहळू सरकवले. लोखंडी पाते त्याने हातातही घेतले नाही. फुगलेली पिशवी टोचली गेली तर आतल्या थरांचा शॉर्ट होऊन आग लागते, आणि टेबलाखाली वाळूने भरलेला पत्र्याचा डबा त्याचसाठी ठेवलेला होता. जुनी बॅटरी त्यात गेली. नव्या बॅटरीवर आधी त्याने मीटर लावून व्होल्टेज पाहिले, कनेक्टर जोडून फोन चालू करून पाहिला, चार्जिंगचा प्रवाह बघितला आणि मगच ती चिकटवली. शेवटी किनारीचा जुना गोंद खरवडून, नवा लावून, पाठ बसवून चारी बाजूंनी क्लिपा मारल्या आणि संध्याकाळी घेऊन जायला सांगितले.

या कामात कौशल्याची कोठेही उणीव नव्हती. उणीव होती ती बॅटरीत. तिच्यावर माझ्या फोनच्या कंपनीचे नाव छापलेले होते, पण ती कंपनीची नव्हती, आणि हे त्यानेच मला आधी सांगितले. "ओरिजनल म्हणून देणारे भरपूर हायत, पण ओरिजनल आम्हाला कंपनी देतच न्हाई, तर आणायची कुठनं?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याच्याकडे दोन प्रतीच्या बॅटऱ्या होत्या. मी महाग घेतली. हजार-बाराशे रुपयांत सर्व आटोपले, तीन महिन्यांची तोंडी हमी मिळाली आणि त्याने दिलेल्या बिलावर नुसते 'बॅटरी चेंज' असे लिहिले होते.

अशा बॅटरीत काय तपासता येते? भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकाखाली भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे आणि बॅटरीवर ब्यूरोचे चिन्ह व 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून पाहता येतो. क्रमांक मुळीच नसेल तर बॅटरी नाकारावी. परंतु छापलेला आकडा खरा आहे की दुसऱ्याचा उतरवला आहे, हे काउंटरवर उभे राहून ओळखणे अवघड असते. एमएएचचा आकडाही छापणाऱ्याच्या मर्जीवर असतो. मूळ ५,००० च्या बॅटरीच्या जागी त्याच मापाच्या पिशवीत कोणी ६,५०० लिहिलेली बॅटरी देऊ लागला तर ती हमखास खोटी समजावी, कारण तेवढ्या जागेत तेवढी क्षमता बसवणे मूळ कंपनीला जमले असते तर तिने जाहिरातीत तेच केले नसते काय? बॅटरीच्या डोक्यावर जी बारीक सर्किटची पट्टी असते, तिच्यात जास्त चार्ज, जास्त डिस्चार्ज आणि शॉर्ट यांपासून वाचवणारी आयसी असते. स्वस्त बॅटरीत काटकसर नेमकी तेथे केली जाते, आणि तेथेच ती जिवावर बेतू शकते.

आयफोनचा मामला आणखी निराळा आहे. २०१८ नंतरच्या आयफोनमध्ये बाहेरची बॅटरी बसवली की सेटिंग्जमध्ये अनोळखी भाग असल्याची सूचना येते आणि बॅटरीच्या आरोग्याची टक्केवारी दिसणे बंद होऊ शकते. मग कारागीर जुन्या बॅटरीची सर्किटची पट्टी कापून नव्या सेलला वेल्डिंग करतात, म्हणजे फोनला वाटावे की बॅटरी तीच आहे. हे काम मी पाहिले आहे. हात कौतुकास्पद आहे, पण लिथियमच्या जिवंत सेलवर वेल्डिंग करण्याची वेळ केवळ पडद्यावरची एक सूचना टाळण्यासाठी यावी, ही व्यवस्थेची विकृती आहे. सुट्या भागांना अशी सॉफ्टवेअरची कुलपे घालण्यावर अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये कायद्याने बंदी घातली. जमेच्या बाजूला हेही नोंदवले पाहिजे की आयफोन १६ मध्ये बॅटरीचा गोंद असा वापरला आहे की त्यातून नऊ व्होल्टच्या साध्या बॅटरीचा प्रवाह दीडेक मिनिट सोडला तर तो आपोआप सुटतो. माझ्या कारागिराला मी हे सांगितले तेव्हा तो प्रथम हसला आणि मग त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

कोल्हापुरात राहून दुरुस्तीविषयी लिहायचे आणि शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. उसाला पाणी पाजणारी मोटार जळाली की ती फेकून देण्याचा विचार आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या मनातही येत नाही. ती ट्रॅक्टरमध्ये टाकून आणायची, वायंडिंग करून घ्यायचे, बेअरिंग बदलायचे आणि परत विहिरीवर बसवायची. हे शक्य होते त्याचे श्रेय मिस्त्रीच्या हाताला आहेच, पण तेवढेच ते बेअरिंगच्या नंबरालाही आहे. ६२०४ म्हटले की आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७ आणि जाडी १४. मग ते कोणत्याही देशातल्या कोणत्याही कंपनीचे असो, त्या जागी बसणारच. बीएल-५सी ही मोबाईलच्या दुनियेतली ६२०४ होती. नोकियाने ती स्वतःच्या फोनसाठी काढली, पण माप आणि टोके सर्वांना ठाऊक झाल्यामुळे इतरांचे साधे फोन, छोटे स्पीकर आणि रेडिओही तिच्यावर चालू लागले. आजच्या फोनमध्ये प्रत्येक मॉडेलची बॅटरी निराळी असते: एका कंपनीचे क्रमांक 'ईबी' ने सुरू होतात, दुसरीचे 'बीएन' ने, तिसरीचे 'बीएलपी' ने; लांबी-रुंदी जवळपास सारखी असली तरी कनेक्टर अर्धा सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे. वर्षाला डझनावारी मॉडेल काढणाऱ्या कंपन्यांच्या किती बॅटऱ्या छोट्या दुकानदाराने साठवून ठेवाव्यात? त्यात लिथियम बॅटरी नुसती पडून राहिली तरी जुनी होते, म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या मॉडेलची 'नवी' बॅटरी मिळाली तरी ती बनली केव्हा हे पाहावे लागते.

म्हणून 'बॅटरी काढता येणारा फोन हवा' या मागणीपेक्षा माझी मागणी थोडी वेगळी आहे. झाकण नखाने उघडावे हा माझा हट्ट नाही. पूर्वी लोक दुसरी बॅटरी खिशात ठेवत, ती गरज आता पॉवर बँकेने आणि झटपट चार्जरने बहुतांशी भागवली आहे. शिवाय आमच्याकडचा पाऊस विसरून चालत नाही. जून ते सप्टेंबर रेनकोटच्या खिशात ओलसर राहणाऱ्या फोनला गोंदाची किनार उपयोगीच पडते, आणि पाठ एकदा उघडून परत चिकटवल्यावर कंपनीने दिलेले जलरोधाचे मानांकन गृहीत धरू नये, हे माझ्या कारागिरानेही बजावून सांगितले. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात मात्र मला जुन्या फोनची आठवण झाली होती. वीज नसताना चार्ज केलेली जादा बॅटरी टाकून फोन चालू ठेवणे ही चैन नसते. तरीही तो अपवादाचा प्रसंग आहे. रोजच्या व्यवहाराला ओढून काढता येणारी चिकटपट्टी, साधे स्क्रू आणि रास्त किमतीची अस्सल बॅटरी एवढे पुरेसे आहे. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी नसल्या तरी राजारामपुरीतला मुलगा निभावून नेतो. तिसऱ्या गोष्टीवाचून त्याचेही हात बांधलेले आहेत.

युरोपातल्या कायद्याने नेमकी हीच गाठ सोडवण्याचा प्रयत्न केला आहे. २०२३ च्या बॅटरी नियमावलीने १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरवली, त्यानंतर विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली लहान बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता यावी, असा तिचा रोख आहे. या तारखेचा गाजावाजा खूप झाला. स्मार्टफोनसाठी मात्र इकोडिझाइनचा स्वतंत्र नियम २० जून २०२५ पासूनच लागू आहे आणि माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. त्यानुसार बॅटरीने ८०० चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध ठेवले पाहिजेत, ते स्वतंत्र कारागिरांनाही ठरावीक दिवसांत मिळाले पाहिजेत. आणि विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षे सॉफ्टवेअरचे अपडेट दिले पाहिजेत. बॅटरी घरच्या घरी बदलता येण्याच्या अटीला एक पळवाट ठेवली आहे: ५०० चक्रांनंतर ८३ टक्के, १,००० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता टिकत असेल आणि फोन धूळरोधक असून एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरत असेल, तर कंपनी बॅटरी बदलण्याचे काम कारागिरावर सोपवू शकते. अनेकांनी या पळवाटेवर टीका केली. मला ती वाजवी वाटते, कारण कारागिराला भाग मिळण्याची हमी तिच्यामुळे सुटत नाही.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्राहक दिनी, २४ डिसेंबरला, 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू झाले. त्यावर कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरची, हमीची आणि काही ठिकाणी भागांच्या किमतींची माहिती एकत्र मिळते. २०२५ च्या मे महिन्यात भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मोबाईल व इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी दुरुस्ती निर्देशांकाचा आराखडा सरकारला सादर केला. फ्रान्समध्ये असा निर्देशांक २०२१ मध्ये सुरू झाला. आपल्या आराखड्यात फोन किती सहज उघडतो, स्क्रू कोणते, हत्यारे कोणती लागतात, माहिती मिळते का, सुटे भाग वाजवी वेळेत मिळतात का आणि सॉफ्टवेअरचे अपडेट किती काळ, असे निकष आहेत आणि बॅटरी, पडदा, चार्जिंगचा पोर्ट यांसारख्या भागांना प्राधान्य दिले आहे. गुण मात्र कंपनीने स्वतःच द्यायचे आहेत. आपल्याच उत्तरपत्रिकेला विद्यार्थ्याने गुण द्यायचे म्हटल्यावर काय होते, हे माझ्या व्यवसायातल्या माणसाला सांगावे लागत नाही. पण निकष जर मोजता येणारे असले, तर खोटेपणा पकडणे निदान शक्य होते. 'वाजवी वेळ' मोजता येत नाही. 'सात वर्षे' मोजता येतात.

माझ्या फोनमधून निघालेल्या फुगीर बॅटरीचे पुढे काय झाले, हेही मी विचारले. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार विकलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे, फोनच्या छोट्या बॅटऱ्याही त्यात येतात. राजारामपुरीतल्या डब्यापर्यंत कोणत्याही उत्पादकाचा माणूस पोहोचलेला नाही. डबा भरला की इलेक्ट्रॉनिक भंगार घेणारा एक जण येऊन वजनावर घेऊन जातो. घरी पडलेल्या जुन्या बॅटऱ्या घंटागाडीत टाकू नयेत, कारण गाडीत कचरा दाबला जाताना त्या पेटतात. त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या ई-कचरा संकलनात किंवा अशा दुकानात द्याव्यात, हे त्यातल्या त्यात बरे.

निर्देशांकाचा अंतिम नियम होईल तेव्हा त्यात दोन गोष्टी असाव्यात, असे मला वाटते. फोनच्या खोक्यावर जेथे एमएएचचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात, त्याच्या खालीच अस्सल बॅटरीची किंमत आणि ती कोणत्या सालापर्यंत मिळेल ते साल छापावे. आणि ती बॅटरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर, फोन न ठेवता, कोणत्याही ग्राहकाला वा कारागिराला पक्क्या बिलावर सुटी विकत मिळावी. ती बसवायची कशी, याची चिंता कंपनीने करण्याचे कारण नाही.